ढोल्याची चाळणी

शाळेची उडती बस साताऱ्याहून कासच्या पठारावर फुलं बघायला निघणार होती, आणि पाच वर्षांच्या निहारला ती नेणार नव्हती. बसचं दार उघडलं रे उघडलं, की निहार कान दाबून असा किंचाळायचा, की अजिंक्यताऱ्यावरची वानरं शेपट्या सावरत महाबळेश्वर गाठायची. निदान आबा तरी तसंच सांगायचे.

"मुद्दाम करतो तो!" स्वानंदी फुरंगटली. ही निहारची मोठी बहीण. 'तो नाही तर मीपण नाही,' असं बाईंना ठणकावून आली होती आणि आता तिलाच रडू फुटत होतं. "त्या बसला आवाजसुद्धा नाही, आबा!"

आबा म्हणजे तिचे आजोबा, डॉक्टर विश्राम. मानसोपचारतज्ज्ञ (मनाच्या आजारांचे डॉक्टर). काही मुलांचे मेंदू वेगळ्या रीतीने का वाढतात, हे शोधण्यात त्यांची उभी हयात गेली होती. "त्यातली दोन वर्षं गुरूच्या चंद्रावर," असं ते सांगायचे. "दोन दिवस, माथेरानला," असं आजी सांगायची.

आबांची एक रीत होती. मुलाला आधी काही विचारायचं नाही, ते बसेल तिथं जाऊन बसायचं. आज निहार टेबलाखाली गुणगुणत होता, म्हणून आबाही टेबलाखाली. बाहेर नुसते पाय.

"निहारला स्वमग्नता (मेंदूची घडण वेगळी असल्यामुळे जग वेगळं जाणवणं) आहे, हे तुला ठाऊक आहे," पाय म्हणाले. "पण वेगळं म्हणजे कसं, ते बघायचंय? ढोल्या, इकडे ये रे!"

घरातला गोलमटोल यंत्रमानव घरंगळत आला. आबांनी त्याच्या पाठीवरचं झाकण उघडलं.

"आपल्या कानांवर सारखे आवाज आदळत असतात. त्यातले बिनकामाचे आपला मेंदू मागे सारतो, जणू चाळणीनं चाळतो. ढोल्यातही तशी चाळणी आहे. काढू का रे घटकाभर?"

"काढा, आबासाहेब."

टक्.

ढोल्या गर्रकन फिरला. "फ्रिज ओरडतोय! दिवा भुणभुणतोय! ताईच्या पोटात कोण कुरकुरतंय?"

"पोहे," स्वानंदी लाजली.

"आणि ती मुंगी शिंकली!"

"हे मात्र तू माझ्याकडून शिकलास," आबा म्हणाले.

ढोल्या टेबलाखाली शिरला आणि गुणगुणू लागला. हूं, हूं, हूं. निहारनं त्याच्याकडे पाहिलं आणि सरकून जागा करून दिली.

स्वानंदीचे डोळे विस्फारले. "म्हणजे निहार बाकीचे आवाज झाकायला गुणगुणतो!"

"शाब्बास! पण सगळ्यांचं असंच नसतं हं. कुणाला उजेड टोचतो, कुणाला सदऱ्याची शिवण, कुणाला यातलं काहीच नाही. मेंदूत नेमकं काय घडतं, ते मलाही अजून पुरतं उलगडलेलं नाही. म्हणून तर मी निवृत्त होत नाही."

"घरात भाजी निवडावी लागेल म्हणून!" आतून आजीचा आवाज आला.

स्वानंदी मात्र उडी मारून उठली. "आबा, चाळणी लगेच बसवू नका! ढोल्या, माझ्याबरोबर बसपाशी येशील?"

"निहारदादा रोज सोसतात. मला एकदा जमेल," ढोल्या म्हणाला.

सगळे शाळेत गेले. बसचं दार उघडताच निहार किंचाळला आणि त्याच क्षणी ढोल्यानं डोकं धरलं. "शिट्टी! दाराच्या वरच्या कोपऱ्यात! सुईसारखी बारीक!"

बाईंना काही ऐकू येईना, चालककाकांनाही नाही. तरी काकांनी कोपरा उघडला. दारात कुणी उभं आहे का, ते ओळखणारी एक डबी तिथं होती. त्यांनी ती बदलली आणि दार पुन्हा उघडलं. ढोल्या गप्प.

निहारनं एका कानावरचा हात काढला. मग दुसऱ्या. तडक आत जाऊन खिडकी पकडली.

"ये रे बाळा," बाई हळूच म्हणाल्या. "आम्हाला कळलंच नव्हतं."

"आबासाहेब, आता चाळणी द्या," ढोल्या कुजबुजला. "बाईंच्या केसांत ऊ चालतेय."

"आबा, मोठी झाल्यावर मीपण हेच शोधू?" स्वानंदीनं विचारलं.

"शोध की! पण आतापासून टेबलाखाली बसायची सवय कर. माझे गुडघे हल्ली ऐकत नाहीत."

बस उडाली. स्वानंदीनं डोळे मिटून चाळणीशिवाय ऐकायचा प्रयत्न केला. वारा आला, कुणाच्या तरी चिवड्याची पिशवी कुरकुरली. तिनं शेजारी कान लावला.

निहार गुणगुणत नव्हता.