मास्तरांच्या गाडीचा सेल्फ

पंखा बंद करा रे तो, आवाज खातोय. आणि ते मोबाइल उपडे ठेवा, तासभर तुमच्यावाचून जगाचं काही अडत नाही. भुताची गोष्ट सांगा म्हणून दुपारपासून डोकं खाताय ना? मग ऐका. यात उलटे पाय नाहीत, मोकळे केस नाहीत. एक जुनी गाडी आहे आणि तिचा सेल्फ. म्हणजे स्टार्टर, किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला हिसका देतो तो. हसा, आत्ताच काय ते हसून घ्या.

ज्याच्यावर हे बेतलं तो माझ्या शेजारचाच दुकानदार. गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा. सगळा बाजार त्याला कानसेन म्हणायचा, कारण हा गडी मीटर-बिटर नंतर काढायचा, आधी ऐकायचा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सेल्फवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि गाडीत बसलेल्याला सांगायचं, "मार." तो किल्ली फिरवणार. एकदाच टक् वाजलं तर आतले पॉइंट जळलेत. टकटकटक वाजलं तर बॅटरी बसलीय. नुसताच घरघरला तर त्याचे दात इंजिनाच्या चाकाला लागत नाहीत. आणि काहीच वाजलं नाही, तर आधी वायर बघायची. त्याचं निदान चुकलेलं मी कधी पाहिलं नाही. मास्तरांच्या गाडीच्या वेळीही ते चुकलं नव्हतं, हेच तर दुखणं आहे.

मास्तर म्हणजे गणित शिकवून रिटायर झालेले. त्यांची गाडी त्यांच्या मुलापेक्षा मोठी. गोल दिवे, लांब नाक, आणि रोज सकाळी तेलाचं फडकं मारून आरशासारखी पुसलेली. काकू म्हणायच्या, "एवढं तेल माझ्या गुडघ्यांना चोळलं असतंत तर मी आज पळत असते." मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मग त्यांचा एक डोळा गेला. तरी गाडी चालवायचे. एकदा कोपऱ्यावर सायकलवरची शाळेतली मुलगी थोडक्यात वाचली. त्या संध्याकाळी मास्तरांचा मुलगा कानसेनच्या दुकानात आला. "काका, बाबा माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. सेल्फ गेला म्हणून सांगा त्यांना."

कानसेनला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. तो गेला, बॉनेटखाली वाकला, आणि किल्लीकडून सेल्फला हुकूम नेणारी बारकी वायर हळूच उपसून बाजूला वळवून ठेवली. मग स्क्रूड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटले. "मारा, मास्तर." काहीच वाजलं नाही. "आतून जळलाय," कानसेन म्हणाला. "जुना माल आहे, आता कुठे मिळायचा नाही." शिकाऊ पोरानेसुद्धा अशा वेळी आधी वायर बघितली असती. मास्तरांनी नाही बघितली. गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तूच म्हणतोस, तर मग झालं."

पुढच्याच महिन्यात मुलगा आणि सून परगावी लग्नाला गेले. त्याच रात्री काकूंचा श्वास अडकायला लागला. मास्तरांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती रस्ता चुकली. हॉस्पिटल गाडीने दहा मिनिटांवर. मास्तर गॅरेजमध्ये जाऊन किल्ली फिरवायचे, थांबायचे, आत जाऊन काकूंना बघायचे, परत यायचे. टॉर्च घेऊन बॉनेटही उघडलं होतं म्हणे. एका डोळ्याला काय दिसणार? वायर तिथेच होती, आपल्या जागेपासून बोटभर लांब. ॲम्ब्युलन्स दारात पोचली तेव्हा काकू गेल्या होत्या.

भेटायला आलेल्यांत कुणीतरी बोलून गेलं, दारात गाडी असून उपयोग काय. मास्तर खवळले. "सेल्फ गेला होता तिचा. कानसेनने स्वतः ऐकून सांगितलंय. ज्यातलं कळत नाही त्यात तोंड घालू नका." कानसेन तिथेच कोपऱ्यात बसला होता, मूग गिळून. मुलगाही गप्प. कानसेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला, आणि एक दिवस मास्तरही गेले. शेवटपर्यंत त्याच समजुतीत.

आता ती रात्र. गेल्या जानेवारीतला तिसरा शुक्रवार, रात्रीचे पावणेदहा. कडाक्याची थंडी, गल्लीत चिटपाखरू नाही. मुलाचा फोन आला होता, गाडी विकलीय, सकाळी गिऱ्हाईक न्यायला येतंय, तेवढी ती वायर जोडून द्या. दिवसा नको, लोक बघतात. कानसेन नवी बॅटरी घेऊन गेला. गॅरेजचा दिवा गेलेला, म्हणून बॅटरी बसवून टॉर्च बॉनेटला अडकवला. बॉनेट उघडं असलं की समोरून सीट दिसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मुलगा किल्लीशी बसला. कानसेनने उजव्या हाताने स्क्रूड्रायव्हर सेल्फवर टेकवून कानाला लावला. ती वायर डाव्या हातात होती, अजून जोडायची होती.

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. "गिऱ्हाईकच आहे, आलोच काका," म्हणत तो उतरला आणि फाटकाकडे गेला.

आणि कानसेनच्या कानात टक् झालं.

वायर हातात होती बरं का. हुकूम जायला वाटच नव्हती.

"अरे, आत्ता मारू नकोस," तो म्हणाला. मुलाचं बोलणं फाटकापाशी चालू होतं, भावाची घासाघीस...

टक्.

मग सीटची स्प्रिंग वाजली. गाडी एका अंगाने उचलली गेली. चपला घासत कोणीतरी उतरलं आणि घराच्या आतल्या दाराकडे गेलं. हळू. म्हाताऱ्या माणसासारखं.

थोडा वेळ काही नाही...

पावलं परत आली. गाडी खाली बसली.

टक्.

तेव्हा कानसेनला उमजलं की ही आजची रात्र नाही.

पळावंसं वाटलं, पण कान स्क्रूड्रायव्हरवरून काढवेना. पावलं पुन्हा आत गेली. पुन्हा आली. आता घाईत. अडखळत. एका मनाने त्याला वाटलं, निदान आता तरी जोडू. आता तरी सुरू होऊ दे हिला. त्याने वायर पुढे नेली.

पुरेना.

ओढली. पुरेना. त्यानेच काढलेली वायर, त्याच गाडीची. बोटभर कमी.

टक्.

आत गेली पावलं. आली. टक्. थांबायला वेळच नाही आता. टक्. टक्.

"मास्तर..."

...

"मास्तर, सेल्फ चांगला होता. वायर मी काढली होती. मी... खोटं बोललो तुमच्याशी."

सगळं थांबलं. किल्ली नाही, पावलं नाहीत. फाटकाकडचं बोलणंसुद्धा ऐकू येईना. पलीकडे सीटवर कोणीतरी बसलं होतं आणि काहीच बोलत नव्हतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं कानसेन मला नंतर म्हणाला. ते गप्प बसणं त्याला सोसेना. किती वेळ गेला, त्यालाही सांगता आलं नाही.

मग हातातली वायर सैल पडली. त्याने ती नेऊन लावली. आरामात बसली.

इंजिन लगेच सुरू झालं. पहिल्या हिसक्यात.

मुलगा धावत आला. "लागली? अहो, पण किल्ली कोणी फिरवली?"

कानसेनने बॉनेट खाली घेतलं. पुढची सीट रिकामी. गाडीचं मागचं दार मात्र सताड उघडं होतं. मुलाने मोबाइलचा उजेड आत टाकला.

मागच्या सीटवर, दाराच्या बाजूला, उशी ठेवली होती. आजारी माणसाला आडवं करून न्यायचं असलं की ठेवतो तशी. निळ्या फुलांचा अभ्रा.

"आईची आहे," मुलगा म्हणाला. "ती गेली तेव्हा... तिचं अंथरूण मी स्वतः जाळलं होतं, काका. त्यातच होती ही."

इंजिन चालूच होतं. दोघांपैकी कुणी ते बंद केलं नाही. कानसेनने हात पुढे केला. उशीत मधोमध डोकं टेकल्याचा खळगा होता. घामाने ओलसर. आणि अजून ऊब होती त्यात.