एक ऐकणाऱ्याच्या नावानं

दुआर्तला खुनाबद्दल सोमवारी शिक्षा व्हायची होती. शनिवारी सकाळी त्याची आई, दोना इदालिना, हिनं खासगी गुप्तहेर ओलिंदा फुर्तादोला न्यू बेडफर्डच्या आपल्या स्वयंपाकघरात बोलावलं. सोबत तिचा मदतनीस जिल होता. बाईंनी ब्रँडीचे दोन इवले पेले पुढे केले.

"आधी किडा मारा, मग बोलू."

जिलला अशा बाबतीत आग्रह लागत नसे. त्यानं ओलिंदाचाही पेला संपवला.

मग बाई रडल्या. गोदीवरच्या मानुएलचा खून झाला होता. त्याला सगळे 'किडा' म्हणत. चोरट्या मालापायी न्यायालयाच्या परवानगीनं दुआर्तचा फोन ऐकला जात होता. पोलिसांनी मालाच्या बोटीवर दोन छापे घातले, दोन्ही वेळा ती रिकामी. पण खुनाच्या दिवशी दुभाष्यानं पोर्तुगीजमधून केलेल्या इंग्रजी भाषांतरात कबुली सापडली: 'आज सकाळी आम्ही किड्याला मारलं.' पुढे शेरा होता: 'खासगी बोलणं, ऐकणं बंद.' खासगी बोलणं ऐकायला कायद्याची मनाई होती.

"स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. आता काय उरलं?" बाहेर पडताना जिल म्हणाला.

"ते तोंड ऐकायचं उरलंय," ओलिंदा म्हणाली.

दुपारी दुआर्तच्या वकिलाच्या कचेरीत तिनं मूळ रेकॉर्डिंग लावलं. बाई होत्या, ते भाषांतर करणारा दुभाषा झेफेरिनोही बोलावलेला होता. आधी दुआर्तचा आवाज आला. त्याच्यामागून कुणीतरी घोगरं हसलं, काहीतरी पुटपुटलं, आणि सगळं एकदम तुटलं.

बाईंनी छातीवर क्रूस काढला. "हा मानुएल. मेलेला माणूस हसतोय."

जिल यंत्रापासून एक पाऊल मागे सरकला.

"तेव्हा तो जिवंत होता, दोना इदालिना," ओलिंदा म्हणाली. "दोघं ब्रँडी पीत होते. दुआर्त म्हणाला, किडा मारला, म्हणजे सकाळचा पेला घेतला. सकाळी तुम्ही म्हणालात तेच. झेफेरिनो, आपण एका गल्लीत वाढलो. तुला हे कळलं नाही?"

"चूक झाली."

"खुनाची कबुली ऐकून रेकॉर्डिंग कोण बंद करतं? तू बंद केलंस ते मानुएल पुटपुटला म्हणून. 'एक ऐकणाऱ्याच्या नावानं.' म्हणजे एक पेला तुझ्या नावानं. फोन ऐकला जातोय, हे त्याला ठाऊक होतं, कारण तूच सांगितलं होतंस. ज्या पोलिसांबरोबर तू बसायचास, त्यांना आपली भाषा येत नाही. ते वाक्य फक्त तुला कळलं, आणि तूच ते गाळलंस. छाप्यांची बातमी तू त्याला विकत होतास. मानुएलचं तोंड तू कायमचं बंद केलंस आणि खून या पोरावर ढकललास."

झेफेरिनो यंत्राकडे बघत राहिला. "बंद केलं तरी तो हसतोच आहे," तो म्हणाला. "रोज."

वकिलानं पोलिसांना फोन लावला. बाईंना बाकी काही नको होतं. लेकाचा आवाज पुन्हा एकदा लावा, एवढंच त्या म्हणाल्या.

ओलिंदानं यंत्र सुरू केलं. झेफेरिनोनं दोन्ही कान घट्ट झाकून घेतले.