गाडी वळून येईपर्यंत

पैज लावा, यावर तुमच्यातला एकजणही विश्वास ठेवणार नाही.

नका ठेवू. परवा दुबईत, करामाच्या हॉटेलात चहावर सांगितलं, तेव्हा आमचा नीरवही मिशीतल्या मिशीत हसत होता. शारजाच्या अल नहदात नुकताच राहायला गेलाय तो. आणि घडलंही तिथेच. माझ्या भाचीच्या, अनुपमाच्या बाबतीत. मागच्या जानेवारीत. सूर्यास्ताची, मगरिबची अजान नुकतीच संपली होती.

अनुपमा ऑफिसातून घरी येत होती. मागच्या सीटवर तिची मुग्धा. वय वर्षं नऊ, शाळा अमेरिकन. मराठीत विचारा, उत्तर अर्धंअधिक इंग्लिशमध्येच. इतिहासाचा धडा घोकत होती. अमेरिकेतले लोक घरदार सोडून पश्चिमेला का गेले?

"का गेले गं?"

"फॉर लँड, मम्मा. बॅक होम त्यांना काहीच नव्हतं. वेस्टला लँड फ्री. फक्त तिथे स्टे करायचं. यू लीव्ह, यू लूज इट."

"म्हणजे आपल्या पार्किंगसारखंच."

"बट मिस सेड, इट वॉज नॉट एम्प्टी. पीपल वर ऑलरेडी देअर."

अनुपमाचं लक्ष नव्हतं. तिला जागा दिसली होती.

इमारतींच्या मधे वाळूचं मैदान आहे. तिथे जो आधी गाडी घुसवेल, त्याची जागा. रस्त्याच्या पलीकडे जागा दिसली, तर गाडीतला माणूस उतरवायचा, तिथे उभा करायचा, आणि सिग्नलवरून गाडी वळवून आणायची. सगळेच करतात. बायको, सासू, गावाहून आलेला पाहुणा... जो असेल तो.

त्या दिवशी मुग्धा होती.

"उतर, पळ. कुणी कितीही हॉर्न देऊ दे, हलायचं नाही."

अनुपमा वळून आली.

मुग्धा उभीच होती. पण तिच्या शेजारी... एक बाई.

हेडलाइट पडला.

बाई नव्हती.

"कोण होती गं ती?"

"आँटी. तिचे हजबंड गाडी टर्न करून येतायत. शी वॉज वेटिंग सो लाँग. मला म्हणाली, तू जागा धर, मी बघून येते."

"बरं, सरक. गाडी लावू दे."

"आय कान्ट. आय प्रॉमिस्ड."

अनुपमाने हात ओढला. बर्फासारखा गार.

पोरगी हलेना. घोट्यापर्यंत पाय वाळूत... आणि वाळू सिमेंटसारखी घट्ट.

आणि मग आवाज गेले. रस्त्यावरचे हॉर्न गेले. एसींची घरघर गेली.

एकच आवाज उरला. वाळूवरून हळूहळू येणारी टायरं...

गाडी मात्र कुठेच नाही.

मुग्धा हसली. "हिअर ही कम्स."

अनुपमाने पोरीला छातीशी धरलं. "आम्हाला नको ही जागा. तुमची तुम्ही घ्या. खलास. सोडली आम्ही."

वाळू ढिली झाली.

पोरीला उचलून ती धावत सुटली. गाडी तशीच सोडून. मागे वळून बघितलं नाही.

मुग्धा आता बरी आहे. उलट सुधारलीच म्हणायची. त्या दिवसापासून इंग्लिशचा शब्द नाही, अगदी स्वच्छ मराठी. अनुपमा सगळ्यांना कौतुकाने सांगते. फक्त सिग्नलवर एखादी गाडी वळली, की पोरगी खिडकीशी जाऊन उभी राहते...

मी तिला जास्त काही विचारत नाही.

ती जागा तेव्हापासून रिकामीच असते. कुणी तिथे गाडी लावत नाही.

परवा हॉटेलात इतकं बोललो, आणि नीरवने कप खाली ठेवला. आता हसत नव्हता.

"राजाभाऊ, हे मात्र साफ खोटं."

"काय खोटं?"

"ती जागा रिकामी नसते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उभी असते तिथे. काल मी हॉर्न दिला तर म्हणाली, अंकल, प्लीज, माय मम्मा इज टेकिंग द यू-टर्न."