काकूची पांढरी बट

"बॅग भर. उद्या सकाळच्या गाडीने घरी," काकांनी निकाल दिला.

भिंगरीने मान खाली घातली. सुट्टीला आल्या आल्या ती पाण्याच्या टाकीवर चढली होती. खाली काकूला घाम फुटला होता. आणि त्या आठवड्यातच काकूच्या कपाळावरची काळीभोर बट पांढरी पडली. "तुझ्या काळजीने!" काका म्हणाले. घरात काही बिघडलं की ते दुसऱ्याच्या नावावर टाकण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"खरंच माझ्यामुळे झालं असेल?" भिंगरीने रडवेल्या आवाजात चुलतभावाला विचारलं.

त्याला सगळे शंकासूर म्हणत. "मी जन्मापासून आईला छळतोय. एक केस पिकला नाही. चल, जवळून बघू."

काकू भाजी निवडत होती. शंकासूर तिच्या डोक्यावर वाकला.

"उवा शोधतोस काय रे?"

"आई, टोकं पांढरी आहेत, पण मुळं काळी! केस पिकतो तो मुळापासून. बाहेर आलेला केस मेलेलाच असतो. मेलेल्याला कसली काळजी?"

"म्हणजे वरून काहीतरी लागलंय," भिंगरी म्हणाली. "काकू, या बटेला काय लावतेस?"

"काय लावणार? बसत नाही मेली, म्हणून आरशाजवळच्या बाटलीतलं पाणी फवारते. हल्ली जरा चुरचुरतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकूला डोकं धुवायला पाठवून भिंगरीने शंकासुराच्या केसांचा झुपका कापला, बशीत ठेवून त्यावर ते 'पाणी' फवारलं आणि बशी खिडकीत उन्हात ठेवली.

संध्याकाळी काका आपलं लाँड्रीचं दुकान बंद करून आले. शंकासुराने बशी पुढे सरकवली. केस पिवळट पांढरे झाले होते.

"बाबा, यांना कोणाची काळजी लागली?"

काका हसले. मग त्यांना भिंगरीच्या हातातली बाटली दिसली.

"ती... डाग काढायचं औषध आहे. दुकानातून आणलं. बाटली रिकामी दिसली, भरून ठेवलं."

"वर काही लिहिलंत?" काकूने विचारलं.

"लक्षात राहील म्हटलं."

"आणि पोरीला घरी पाठवत होतात!"

काका खाकरले. "चुकलंच माझं. पोरांनी डोकं चालवलं हं. मला नसतं सुचलं."

"ते दिसलंच."

काकूने भिंगरीची भरलेली बॅग पलंगावर पालथी केली. सकाळपासून अडवून धरलेलं रडू आता कुठे भिंगरीच्या डोळ्यांतून बाहेर पडलं, तेही हसता हसता.

"ही बट पुन्हा काळी वाढेपर्यंत राहायचं," काकू म्हणाली.

"आई, त्याला सहज वर्ष लागेल."

"लागेना का," म्हणत काकूने रिकामी बॅग माळ्यावर टाकली.