मीटरपाशी

डबा विसरला म्हणून सत्यशीला इंजिनघरात परत आली, आणि दारातच थबकली. एक अनोळखी तरुण स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून, मूठ कानाशी धरून, डोळे मिटून उभा होता.

"कोण तुम्ही?"

"अंगद. पुण्याहून आलोय, तपासणीला. छान गातं हो तुमचं इंजिन!"

"ते गाण्यासाठी नाही, विजेसाठी आहे."

तो हसला. ते हसणं तिला आवडलं... म्हणूनच बहुधा संशय आला.

पारनेरजवळच्या या दूध केंद्रात शेणाच्या गॅसवर वीज करणारं हे इंजिन तिनं दोन वर्षं खपून सुधारलं होतं. पूर्वी गॅसमधल्या ऊर्जेची जेमतेम तीस टक्के वीज व्हायची, आता अडतीस! ते इतर केंद्रांत बसवायचं की नाही, हे अंगदच्या अहवालावर ठरणार होतं.

पण सगळे जेवायला गेले, की हा एकटाच आत. ती आली की वही पटकन मिटायची. चहा घेताना मात्र तिच्यावरची नजर हटायची नाही.

चौथ्या दिवशी ऑपरेटर छगन सांगत आला, "मॅडम, त्ये सायब आज बी मीटरपाशीच हायेत बगा."

डिझाइन चोरतोय! ती तरातरा गेली आणि वही हिसकावली. पानभर गॅसच्या मीटरचे आकडे. शेजारी त्यानं स्वतः आणलेल्या मीटरचे.

"माझ्यावर पाळत?"

"हो. आकडे फारच चांगले होते... वाटलं, तुम्हीच मीटरशी खेळ केलाय. पण मीटरच बिघडलाय, गॅस कमी दाखवतो, म्हणून टक्के वाढलेले दिसतात. खरे पस्तीस टक्के."

तिचा चेहरा उतरला. "कुणाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"गप्प बसायचं काय घ्याल?"

"काही नाही. आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं, एवढंच."

तिनं वही त्याला परत दिली. मग टेबलावरच्या स्वतःच्या अहवालातला अडतीसचा आकडा खोडून तिनं पस्तीस लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"मीटरचं कधी कळलं?"

"परवाच."

"मग दोन दिवस काय तपासत होतात?"

अंगदचे कान लाल झाले. "छगनला विचारत होतो — तुमचं कुठं जमलंय का. तो म्हणाला, मॅडमलाच विचारा."

"मग विचारा की!"

त्यानं विचारलं, पण इतकं हळू, की इंजिनापुढे काही ऐकू येईना.

सत्यशीला एक पाऊल जवळ सरकली. "पुन्हा... विचारा."