पुढच्या चाकांची ओढाताण

"पाचपर्यंत चाव्या जमा करा आणि चालू लागा," मॅनेजर मामाला म्हणाला, तेही भाचरांच्या देखत.

सुट्टीला मामाकडे आलेली ताई आणि तिचा धाकटा भाऊ प्रोफेसर वर्कशॉपच्या दारातच थिजले. डोंगरउतारावरच्या या फळबागेत मामा मेकॅनिक होता. क्रेट ओढायला तिथे दोन एकसारख्या एटीव्ही होत्या. मोटरसायकलसारखं हँडल, फुगीर टायर आणि चारही चाकांना ताकद. त्यातल्या एकीचा पुढचा गिअरबॉक्स फुटला होता.

"तुम्ही त्यात ऑइलच घातलं नाहीत. मालकीणबाईंना मी तसं सांगितलंय," मॅनेजर म्हणाला.

"घातलं होतं," मामा म्हणाला. बस्स, एवढंच. भांडायची वेळ आली की मामाची नेहमी दातखीळ बसायची.

मॅनेजर गेल्यावर ताई उखडली. "गप्प का बसलास?"

"ऐकणार कोण?"

प्रोफेसर मात्र गाडीखालच्या ट्रेमध्ये डोकावत होता. गोष्टी सोडून गाड्यांची माहितीपुस्तकं वाचणारा प्राणी तो, म्हणून तर ते नाव पडलेलं. "ताई, गिअरबॉक्समधून एवढं ऑइल निघालंय, त्यात लोखंडाचे तुकडे. म्हणजे ऑइल होतं. आणि टायर बघ. मागचे नवेकोरे, पुढचे घासून गुळगुळीत."

"मग?"

"हँडलवर बटण असतं. नुसती मागची दोन चाकं, चारही चाकं, नाहीतर लॉक. लॉक केलं की पुढची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. चिखलात रुतलं तर ते कामाचं. पण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं. चिखलात ते घसरून भागवतं, पक्क्या रस्त्यावर कसं घसरणार? दोन्ही चाकं भांडतात आणि मधल्यामध्ये गिअरबॉक्स मरतो."

"पण ही गाडी पक्क्या रस्त्यावर नेतं कोण?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एटीव्ही घेऊन रोज जेवायला घरी जाणारा एकच माणूस होता. दोघं फाटकाबाहेर धावली. तिथल्या डांबरी रस्त्यावर, दर वळणाला, काळे ओरखडे होते. ते थेट मॅनेजरच्या दारापर्यंत गेले होते.

"मालकीणबाईंना सांगू या."

"पोरांचं कोण ऐकतंय? त्यालाच दाखवू दे," ताई म्हणाली.

पावणेपाचला मालकीणबाई मॅनेजरसोबत चाव्या घ्यायला काँक्रीटच्या अंगणात आल्या. ताई गोड आवाजात मॅनेजरला म्हणाली, "काका, तुमच्यासारखी गाडी इथे कोणी वळवत नाही म्हणे. एक चक्कर दाखवाल?"

मॅनेजर फुगला. दुसऱ्या एटीव्हीवर बसला, आणि अंगठा सवयीने थेट लॉकच्या बटणावर गेला. हँडल वळेना. त्याने दोन्ही हातांनी ओढलं. टायर किंचाळले आणि काँक्रीटवर काळे पट्टे उमटले.

"इथे लॉक कशाला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मी नेहमीच करतो. ताकद दिलीय तर पुरती वापरायची!"

"असेच पट्टे यांच्या घरापर्यंत आहेत," ताई म्हणाली. प्रोफेसरने ट्रे पुढे ठेवला. मालकीणबाईंनी ऑइलमध्ये बोट बुडवलं, तुकडे चोळून पाहिले आणि मॅनेजरला म्हणाल्या, "उतरा. चावी मेकॅनिककडे द्या."

मग त्या मामाकडे वळल्या. "मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पोरं मोठी हुशार आहेत तुमची."

"कौतुक नंतर, बाई," मामा म्हणाला. "यांनी मला पोरांसमोर हाकललं. माफीही पोरांसमोरच हवी."

मॅनेजर स्वतःच्या बुटांकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," मामा म्हणाला.