बाईंना दुपारी येणारा फोन

आमच्या घरात माणसं चार आणि फोनही चार, आणि त्यांतलं कुणीच धड ऐकत नाही, असं माझा नवरा म्हणतो. हे तो फोनबद्दल म्हणतो की माणसांबद्दल, ते मी कधी विचारलं नाही.

नवरा कुलूपवाला आहे. बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान, आत किल्ल्या घासायचं मशीन आणि भिंतभर लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. अडकलेली तिजोरी असो, नाहीतर दार ओढून घेऊन बाहेर ताटकळणारं जोडपं असो, हा गेला की उघडलंच. खिशातला फोन मात्र त्याला ओळखायचा नाही. मिशी काढली तेव्हापासून फोन त्याच्या तोंडाकडे बघून हटकून सांगायचा, ‘पुन्हा प्रयत्न करा’. मग हा भररस्त्यात भुवया उडवायचा, गाल फुगवायचा आणि शेवटी वरच्या ओठावर बोट आडवं धरायचा. तेव्हा कुठे तो उघडायचा.

लेक कॉलेजात कॉमर्स शिकत होती आणि तोंड आंबट करून शिकत होती. तिचा फोन तिचे शब्द परस्पर बदलायचा. “मी बसमध्ये आहे” असं तिने लिहिलं की आम्हाला यायचं, “मी बशीत आहे.” नवरा लगेच उत्तर पाठवायचा, “सांडू नकोस.”

आणि माझ्या सासूबाई. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. अख्खी वस्ती त्यांना बाई म्हणते, माझा नवराही त्यांच्याच शाळेतला, त्यामुळे तोही पोटच्या पोराने म्हणू नये तसं बाईच म्हणतो. मग मीही तेच म्हणू लागले. बाई फोनवर बोलतात ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बोलल्यासारखं. त्यांच्या फोनला पर्समधून आपणहून फोन लावायची खोड होती. एकदा त्याने दातांच्या डॉक्टरला लावला आणि त्या भल्या माणसाने भाजीवाल्याशी चाललेलं आख्खं भांडण ऐकून घेतलं. पुढच्या वेळी त्याने बाईंना विचारलं, “मग दुधी कितीला दिला शेवटी?”

माझा फोन सगळ्यांत शहाणा होता, कारण मी त्याला फारसं कामच देत नव्हते. मी लोकांचे कान तपासते. दवाखान्यात आमची एक खोली आहे, जाड दाराची, भिंतींना आतून स्पंज लावलेली. दार लावलं की बाहेरचं जग संपतं. पेशंट कानाला हेडफोन लावून बसतो, आवाज आला की बटण दाबतो. आत फोन न्यायची बंदी आहे आणि नेला तरी तिथे तो लागत नाही. आमचे सगळ्यांचे फोन बाहेर लोखंडी कपाटात, कुलूप लावून. दिवसभर दुसऱ्यांसाठी कान टवकारून बसल्यावर मला फोनवर गप्पा मारायचा कंटाळा. “बोला. हं. बरं. ठेवते.” एवढ्यात माझं आटपतं.

म्हणून बाई एकदा जेवताना जे म्हणाल्या ते मला आधी कळलंच नाही.

“दुपारी काय हसवलंस गं! अजून पोट दुखतंय माझं.”

“मी?”

“नाहीतर कोण? त्या म्हाताऱ्याची काय हुबेहूब नक्कल केलीस! बायकोची हाक ऐकू येत नाही म्हणे, आणि पलीकडच्या खोलीत चमचा वाजला की पळत येतो.”

नवरा हसला, लेकही हसली. माझा घास तोंडातच राहिला. तो म्हातारा खरा होता. त्याच सकाळी स्पंजच्या खोलीत त्याच्या बायकोने मला ते सांगितलं होतं. पण मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आणि नकला मला येत नाहीत. शाळेत मांजराचा आवाज काढला होता तर सगळ्यांना बैल वाटला होता.

बाईंचा फोन बघितला. दुपारी माझ्या नंबरावरून फोन आलेला होता आणि चांगला लांबलचक. तेव्हा माझा फोन कपाटात बंद होता.

“काहीतरी गडबड आहे नेटवर्कची,” मी म्हटलं. ज्याचं काही कळत नाही त्याला आमच्या घरात हेच म्हणतात.

पण गडबड थांबेना. एके दिवशी नवरा हातात फुलं घेऊन आला. फुलं! लग्नानंतर त्याने मला आणलेली सगळ्यांत नाजूक वस्तू म्हणजे दाराची कडी होती.

“तूच म्हणालीस ना फोनवर, येताना नदीकडच्या रस्त्याने ये, फार छान वाटतं तिकडून? खरंच छान वाटलं. तिथेच एक बाई फुलं विकत होती.”

मी तो फोन केलाच नव्हता. फुलं फुलदाणीत ठेवली. फुलं मिळाल्यावर कुणी असली कबुली देत नाही.

लेकीने मात्र कहर केला. ती माझ्या गळ्यातच पडली. “आई, तू जगात सगळ्यांत भारी आहेस. मी आजच कॉमर्स सोडलं. लाकूडकामाच्या शाळेत नाव घालून आले.”

“कुणाला विचारून?”

“तुला! सकाळी फोनवर तूच नाही का म्हणालीस, तुला हौस आहे तर जा, बाबांना मी बघते?” तिचे डोळे भरून आले होते. “आई, एवढं छान तू कधीच बोलली नव्हतीस माझ्याशी.”

आता नाही म्हणणार कसं? मी नवऱ्याला बघितलं, म्हणजे बाबांना मी बघते असं मी म्हटलं होतं त्याप्रमाणे. तोही फुलांच्या नादात होता, लगेच कबूल झाला. लेक रोज केसांत भुसा घेऊन घरी यायला लागली आणि आंघोळ करताना गायला लागली. बाई दुपारी केस विंचरून, चष्मा पुसून फोनजवळ बसायला लागल्या. नवरा शिट्ट्या मारत कुलुपं उघडायला लागला. घर एकदम गुलजार झालं. सगळे माझ्यावर खूश होते आणि मी काहीही केलेलं नव्हतं.

मी रीतसर शोध घेतला, माझा स्वभावच तसा. आधी बाईंचे कान तपासले. माझ्यापेक्षा चांगले निघाले. फोनच्या दुकानातल्या मुलीने चारही फोन उघडून, फुंकर मारून परत लावले. “अगदी ठणठणीत आहेत, काकू. तुमच्या नवऱ्याच्या फोनमध्ये फक्त किल्ल्यांचा चुरा होता.” मी कामावर माझा फोन पूर्ण बंद करून कपाटात ठेवला. त्या दुपारीही बाईंना माझा फोन गेला.

शेवटी मी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. आधी कुणाला पटेना. मग पटलं. लेक म्हणाली, “म्हणजे मी आता कॉमर्सला परत जायचं?”

“नाही,” मी म्हटलं. “ते राहू दे.”

ठरलं असं, की सुट्टीच्या दुपारी चौघांनी जेवणाच्या टेबलाशी बसायचं. चारही फोन मधोमध ठेवायचे, माझा बंद करून. लेकीने बिस्किटं मांडली. नवऱ्याने कपाळावर कामाचा दिवा बांधला होता, कशाला ते त्यालाच ठाऊक. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. भुताखेतांची वेळ नव्हतीच ती. आम्ही पत्ते खेळायला काढणार, एवढ्यात बाईंचा फोन वाजला.

पडद्यावर माझा फोटो. माझा फोन माझ्यासमोर, काळाठिक्कर.

बाईंनी स्पीकर लावला.

“हॅलो?”

आधी नुसती शांतता होती. पण मी शांतता ऐकणारी बाई आहे. तिच्यात फ्रिजची घरघर होती. खाली गाडीवर पडणारं पाणी होतं. आमच्याच खोलीतले आवाज होते ते.

“अगोबाई,” फोन म्हणाला. “आज सगळे जमलेत वाटतं!”

“कोण बोलतंय?” नवऱ्याने दरडावून विचारलं.

“कोण म्हणजे? तुझं नशीब. आधी तो दिवा काढ डोक्यावरचा, खाणीत निघाल्यासारखा दिसतोयस.”

लेक फिसकन हसली. नवराही हसला, त्याला आवरलंच नाही. बाई तर टेबलावर हात आपटून हसल्या.

मी हसले नाही.

आपला आवाज आपण रेकॉर्डवर ऐकतो तेव्हा तो परका वाटतो, पातळ, कुणा दुसऱ्याचा. कारण बोलताना तो आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, कवटीतून, जबड्यातून. तो आतला, भरीव आवाज फक्त आपल्यालाच माहीत असतो. कुठल्याही यंत्राला तो पकडता येत नाही. हे मी रोज पेशंटना समजावते.

फोनमधून मला तो आतला आवाज ऐकू येत होता.

माझं तोंड बंद होतं.

“हॅलो,” मी कशीबशी म्हणाले.

“तू थांब गं जरा,” ती प्रेमाने म्हणाली. “बाईंशी माझं बोलणं अर्धं राहिलंय.”

नवऱ्याने फोन ओढून घेतला आणि बंद केला. तो अजून हसत होता. पण कपाळावरचा दिवा काढताना त्याला गाठ सुटेना. कुलूपवाल्याच्या बोटांना, साधी गाठ.

दुसऱ्याच दिवशी आम्ही चारही फोन बदलले, नंबरही बदलले. नवे फोन मोठे गुणी निघाले. नवऱ्याला पहिल्या फटक्यात ओळखू लागले, बस बशीत जाईना, पर्समधून कुणाला काही ऐकू जाईना. आणि दुपारचा फोन यायचा थांबला.

घरात एकदम सामसूम झाली. बाई तरीही केस विंचरून बसायच्या आणि चहाच्या वेळेला नुसत्याच उठायच्या. एकदा मी लवकर घरी आले, तर त्या फोन हातात घेऊन त्याच्यावरची न पडलेली धूळ पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, “काही नाही गं. सवय लागली होती.”

तेव्हा मी मनाशी ठरवलं. एवढं काय अवघड आहे? दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कपाटातून फोन काढला आणि बाईंना लावला.

“काय करताय?”

“बसलेय.”

“बरं.”

“तू?”

“मी उभी आहे.”

मग बाईंना हसू फुटलं, मलाही फुटलं. त्यानंतर मी रोज फोन करू लागले. पेशंटच्या गमती सांगू लागले. बाई त्यांच्या मैदानावरच्या गोष्टी सांगायच्या. शंभर मुलींना एका शिट्टीत गप्प कसं करायच्या, पावसात सामना कसा जिंकला, आणि नवऱ्याने लहानपणी लांब उडीच्या खड्ड्यात पडून दात कसा पाडून घेतला. इतकी वर्षं एका घरात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं. नकलाही करून पाहिल्या. बाई म्हणाल्या, “हा म्हातारा आहे की बैल?” पण हसल्या.

झाल्या प्रकाराने माझं भलंच झालं, असं मी आता म्हणते. लेकीने पहिलं स्टूल बनवून आणलं, थोडं डुगडुगणारं. नवरा अजूनही नदीकडच्या रस्त्याने येतो. घर पुन्हा हसतं झालं.

काल माझी सुट्टी होती. दुपारी मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बाई बाल्कनीत वाळलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसल्या होत्या आणि नेहमीच्या मैदानी आवाजात फोनवर बोलत होत्या. चहाला उकळी आली, तेवढ्यात माझ्या कोपराजवळ फोन वाजला. नवरा फोन करत होता. बाईंच्या फोनवर. त्यांचा फोन माझ्या शेजारी चार्जिंगला लावलेला होता.

बाहेर बाई बोलतच होत्या.

मी वाजणारा फोन हातात घेऊन बाल्कनीच्या दारात गेले. बाईंच्या मांडीवर मोजे होते. दोन्ही हात मोज्यांत.

“हो गं, बरी आहे,” त्या सांगत होत्या. “रोज करते फोन, न चुकता.” मग थांबल्या, मान डोलावली, हसल्या. “नाही, नक्कल अजून नाही जमत तिला. पण शिकतेय हळूहळू.”

त्यांनी मला पाहिलं. दचकल्या वगैरे नाहीत. शेजारणीशी बोलताना कुणी यावं तसा त्यांचा चेहरा प्रसन्न होता.

“तुझ्याबद्दलच विचारत होती,” त्या म्हणाल्या.

हातातला फोन वाजायचा थांबला. त्यांच्यासमोरची वेताची खुर्ची रिकामी होती, मी तिच्यावर टेकायला गेले.

“अगं, तिथे नको,” बाई घाईने म्हणाल्या आणि पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. “तू यावर बस.”